लाकडी ल्यूरवरचा फोटो पांढरा पडणे, फुगणे आणि सुटणे: दोष कुठून शोधत जावे

हाताने कोरलेल्या लाकडी ल्यूरवर, म्हणजे मासे पकडायला गऱ्या लावून पाण्यात फेकायच्या नकली माशावर, बोय, पेडवा किंवा बांगडा यांच्या छायाचित्राचा कागद चिकटवून वर पारदर्शक थर दिला, की ते अगदी खऱ्या माशासारखे दिसते आणि पहिल्या एकदोन फेऱ्यांत सहसा काही बिघडत नाही. त्यानंतर येणारी तक्रार बहुधा दोनच शब्दांची असते: ‘फोटो गेला’. असे ल्यूर दुरुस्तीला आले की मालकाचा संशय कागदावर किंवा प्रिंटरवर असतो आणि तो बहुतेकदा खोटा ठरतो. बिघाड फोटोत दिसतो खरा, पण त्याची सुरुवात गरी अडकवायच्या कडीच्या भोकात, लिपच्या (तोंडाशी बसवलेल्या पारदर्शक पट्टीच्या) खाचेत किंवा पुरता न वाळलेल्या गोंदात झालेली असते. नवा फोटो छापून त्याच अंगावर पुन्हा चिकटवला, तर तोही त्याच जागी आणि साधारण तितक्याच दिवसांत जातो.

या कामात लाकूड, लाकडाची छिद्रे बुजवणारा सीलर, पांढरा किंवा चंदेरी बेस, गोंद, कागद, शाई आणि वरचा पारदर्शक थर असे सात थर एकावर एक येतात. प्रत्येक थर बिघडला की वेगळा दिसतो, त्यामुळे हत्यार हातात घेण्याआधी लक्षण नीट पाहिले, तर पुढचे निम्मे काम वाचते.

लक्षणे

वापरानंतर कडीभोवती, लिपच्या मुळाशी किंवा पोटाच्या सांध्याजवळ दुधी डाग येतो आणि ल्यूर दोन दिवस पंख्याखाली ठेवले की तो फिका होतो. याचा अर्थ आत पाणी शिरते आहे. पांढरा पीव्हीए गोंद, ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो, पण पाणी लागले की पुन्हा पांढरट आणि मऊ होतो.

ल्यूर पाण्यात गेलेलेच नाही, तरी संपूर्ण अंगावर पहिल्या दिवसापासून धूसर पडदा आहे. हा वरच्या थराचा दोष आहे आणि त्याचे दोन प्रकार पुढे येतील.

फोटोखाली फुगवटा येतो, विशेषतः ल्यूर उन्हात किंवा बंद गाडीत राहिल्यावर. आत हवा किंवा पाणी अडकलेले आहे.

डोक्याशी आणि शेपटीच्या निमुळत्या भागात कागदाच्या कडा उचलल्या जातात, सुरकुत्या येतात. इथे कागद, कापणी आणि अंगाचा आकार यांचे जमलेले नाही.

खवल्यांच्या रेषा फुटतात, काळ्या ठिपक्यांभोवती निळी किंवा जांभळी झाक पसरते. शाई विरघळली आहे.

फोटो कागदावर छान होता, पण ल्यूरवर काळपट आला आणि खालचे लाकडाचे रेषे दिसू लागले. बेस दिलेला नाही किंवा पातळ आहे.

कडीभोवती तपकिरी कडे येते. कडी गंजते आहे, म्हणजे पाणी तिथवर पोचते आहे. हे पहिल्या लक्षणाचेच पुढचे पाऊल समजावे.

वरचा थर आठवडाभरानंतरही बोटाला चिकटतो. मिश्रणाचे प्रमाण चुकले आहे आणि तो आपोआप वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पुसून, वाळवून आणि वजन करून पाहणे

पहिल्या तपासणीला काही खर्च नाही. कोरड्या सुती कापडाने ल्यूर जोरात पुसावे, मग नखाने हलके खरवडून पाहावे. मेणचट, किंचित बुळबुळीत पापुद्रा निघाला आणि खाली थर स्वच्छ दिसला, तर तो एपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून जमवलेल्या वरच्या थराचा, घाम आहे. दमट हवेत एपॉक्सीच्या हार्डनरमधले अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर हा पापुद्रा तयार करतात. तो पाण्यात विरघळतो, म्हणून साधे पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी एवढ्यावर काम भागते. थिनरने पुसल्यास तो निघण्याऐवजी पसरतो. तो न काढता त्यावर दुसरा हात दिला, तर दोन थरांमध्ये पकड राहत नाही आणि काही दिवसांनी वरचा थर पापडासारखा सुटतो, तेव्हा मात्र दोष पुन्हा बिचाऱ्या फोटोवर जातो.

एपॉक्सीऐवजी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारे पॉलिश, मारलेले असेल आणि धूसरपणा पुसून जात नसेल, तर फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराला पावसाळ्यात जो त्रास होतो तोच हा आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि लॅकरमध्ये अडकते. कोरड्या दिवशी रिटार्डर (थिनर सावकाश उडावे म्हणून घालायचा द्रव) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला, की बहुतेक वेळा लॅकर पुन्हा पारदर्शक होते. खाली लेझर प्रिंट असेल, तर मात्र हा फवारा टाळावा. त्याचे कारण शाईच्या तपासणीत येईल.

डाग ठरावीक जागीच असेल, तर ल्यूरचे वजन करावे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो आणि ल्यूर घडवणाऱ्याकडे तो असायलाच हवा. ल्यूर तयार झाल्यावरचे वजन वहीत लिहिलेले असेल, तर उत्तर लगेच मिळते. नसेल तर पाण्यातून आल्यावर वजन करून पुढचे काही दिवस रोज करावे. ते उतरत जाऊन एका आकड्यावर स्थिरावले, तर जेवढे उतरले तेवढे पाणी आत होते. १५ ग्रॅमच्या ल्यूरमध्ये अर्धा ग्रॅम पाणी शिरले, तरी त्याचे तरंगणे आणि डोलणे बदलते. ‘हल्ली हे ल्यूर नीट चालत नाही’ ही तक्रार पुष्कळदा डाग दिसण्याच्या आधीच येते, फक्त तिचा फोटोशी संबंध कुणी जोडत नाही.

कोमट पाण्यातले बुडबुडे

सगळ्या तपासण्यांपैकी एकच करायची असेल, तर ही करावी. गऱ्या आणि रिंगा काढून ल्यूर साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून धरावे आणि उजेडात पाहावे. लाकडातली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथून बुडबुड्यांची बारीक रांग निघते. अंगाला आधीपासून चिकटलेले सुटे बुडबुडे एकदा बोटाने झटकून टाकावेत. त्याच जागेतून पुन्हा पुन्हा येणारा बुडबुडा तेवढा खरा. जागा लक्षात ठेवून ल्यूर लगेच बाहेर काढावे, कारण थंड होताना आतली हवा आकसते आणि तीच फट पाणी आत ओढून घेते. उन्हात तापलेले ल्यूर खाडीच्या थंड पाण्यात फेकले की नेमके हेच घडते.

गळती बहुतेक वेळा तीन जागी सापडते. पहिली जागा म्हणजे आट्यांची कडी. फोटो आणि एपॉक्सी झाल्यानंतर कडी पिळून बसवली, की तिचे आटे वरच्या थराला भेदून थेट कोऱ्या लाकडात जातात, आणि मासा ओढला की कडी किंचित हलून फट वाढते. दुसरी जागा लिपची खाच. पॉलिकार्बोनेटच्या गुळगुळीत पट्टीला गोंद नीट धरत नाही, म्हणून खाचेत जाणारा भाग आधी पॉलिशपेपरने खरबरीत करावा लागतो. तिसरी जागा म्हणजे शिशाचे वजन बसवलेले पोटातले भोक. त्यात भरलेली पुट्टी आकसली, की फोटोखाली केसाएवढी गोल चीर पडते. वरून ती दिसतही नाही, पण गळते.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा. आधी ल्यूर पूर्ण वाळवावे, म्हणजे वजन दोन दिवस सलग तेच आले पाहिजे. पावसाळ्यात मोकळ्या हवेत ते वाळणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावे. ओव्हनचा मोह टाळावा, कारण घरगुती तापमानाला जमणारी बहुतेक एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात आणि आतले बाष्प फोटोला वर ढकलते. वाळल्यावर कडी उलटी फिरवून काढावी, भोकात काडीने सावकाश जमणारे एपॉक्सी सोडावे, कडीच्या आट्यांनाही ते लावावे आणि मग ती पुन्हा पिळावी. बाहेर आलेले एपॉक्सी पुसून टाकू नये, त्याची कडीच्या मुळाशी छोटी कॉलर होऊ द्यावी. पाच मिनिटांत जमणारे एपॉक्सी इथे मी वापरत नाही. ते लाकडात मुरण्याआधीच घट्ट होते आणि पाण्यातही तुलनेने कमी टिकते. गंजलेली कडी परत बसवू नये. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ जातीचे स्टेनलेस घ्यावे.

ओल असलेल्या ल्यूरवर ‘वरून अजून एक हात’ देणे हा सगळ्यात प्रचलित उपाय आहे आणि सगळ्यात वाईटही. त्याने गळती बंद होते, पण पाणी आतच कोंडले जाते, आणि पुढच्या कडक उन्हात त्याची वाफ फोटो उचलते.

शाईची परीक्षा उरलेल्या कागदावर

फोटोच्या रेषा पसरल्या असतील, तर त्याच छपाईचा उरलेला तुकडा शोधावा. त्यावर पाणी, आपला गोंद, आपले लॅकर किंवा थिनर आणि आपले एपॉक्सी यांचा एकेक थेंब ठेवावा, पाच मिनिटांनी टिश्यूने टिपावा आणि काय पसरले ते पाहावे. एपॉक्सीचा थेंब न टिपता जमू द्यावा. ही परीक्षा खरे तर ल्यूर करण्याआधी घ्यायची असते. कागदाचा चतकोर तुकडा वाया गेला तर काही बिघडत नाही, आठवडाभर कोरलेले अंग वाया जाते ते खुपते.

इंकजेटची डाय प्रकारची शाई पाण्यात विरघळणारी असते आणि पीव्हीए गोंदात पाणी असतेच, म्हणून ब्रश फिरला की रंग ओघळतो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात. ती पाण्याला आणि उन्हाला बरीच जास्त टिकते. घरच्या टँक प्रिंटरमध्ये बऱ्याचदा काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे रंग डायचे असतात, त्यामुळे पाठीवरचे काळे पट्टे शाबूत आणि बाजूची हिरवी-निळी झाक मात्र पसरलेली, असे चमत्कारिक दृश्य दिसते. लेझर प्रिंटचे टोनर म्हणजे उष्णतेने वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी. पाण्याला ती दाद देत नाही, पण एनसी थिनर किंवा अॅसिटोन लागले की विरघळून काजळ पसरल्यासारखी होते. जपानमधले कारागीर बाल्साच्या ल्यूरला सेल्युलोजच्या द्रावणात अनेकदा बुडवून थर देतात. ती पद्धत लेझर प्रिंटवर जशीच्या तशी केली, तर पहिल्याच बुडीत फोटो धुऊन निघतो.

यावर सर्वांत स्वस्त तोड म्हणजे जोडी जुळवणे. झेरॉक्सच्या दुकानातली रंगीत लेझर प्रिंट, पीव्हीए गोंद आणि वर एपॉक्सी ही जोडी खर्चाला कमी आणि भरवशाची आहे. घरचा इंकजेटच वापरायचा असेल, तर छापलेला कागद दिवसभर वाळवून त्यावर अॅक्रिलिक क्लिअर स्प्रेचे तीनचार हलके फवारे द्यावेत. फवारा इतका हलका हवा की कागद ओला दिसता कामा नये. एकदम जाड फवारा मारला, तर त्यातल्या द्रावकामुळेच काही शाया हलतात.

कागद, कापणी आणि आकार

सुरकुत्यांच्या बाबतीत गोंदाला दोष देणे सोपे असते, पण अडचण भूमितीची आहे. कागद एका दिशेला वाकतो. डोक्याकडे ल्यूरचे अंग लांबीच्या आणि घेराच्या अशा दोन्ही दिशांना एकदम वळते, आणि न ताणला जाणारा कागद अशा पृष्ठभागावर सुरकुती पडल्याशिवाय किंवा कापल्याशिवाय बसूच शकत नाही. शिंपी ब्लाउजला टक्स घालून सपाट कापडाला गोलाई देतो, तसेच इथे करावे लागते: डोके आणि शेपटी यांच्या बाजूने कागदाला पाचरीच्या आकाराचे बारीक छेद द्यावेत, म्हणजे जादा कागद एकावर एक चढत नाही. छेद गालाच्या रेषेवर किंवा कल्ल्याच्या कडेवर घेतले, तर चित्रात लपून जातात.

संपूर्ण अंगाभोवती एकच कागद गुंडाळून पोटावर सांधा घेणारे बरेच असतात. मला ती रीत पटत नाही. पोटावरच कड्या आणि वजनाचे भोक असते, म्हणजे गळतीची जागा आणि कागदाचा सांधा आपण होऊन एकत्र आणल्यासारखे होते, आणि उघड्या सांध्यातून पाणी वातीसारखे कागदात चढते. दोन बाजूंना दोन स्वतंत्र फोटो, पाठ आणि पोट रंगाने झाकलेले, ही रचना जास्त टिकते. पाठीवर गडद रंग आणि पोटावर पांढरा रंग असल्याने सांध्याची रेषही उरत नाही. अंग कोरतानाच बाजू थोड्या चपट्या ठेवल्या, तर पेडव्यासारख्या माशाचा आकार अधिक खरा येतो आणि कागदही बिनबोभाट बसतो.

चकचकीत फोटोपेपर या कामाला चालत नाही. त्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीनचा थर असतो, त्यामुळे गोंद आत मुरत नाही. तो जाड असल्याने वाकायला विरोध करतो, आणि कापलेल्या कडेतून मधल्या कागदाला पाणी लागले की कड फुगून सुटते. ७० ते ७५ जीएसएमचा साधा कॉपी पेपर लेझर प्रिंटसाठी पुरेसा आहे. मागून गोंद लावून मिनिटभर ठेवला की तो मऊ होतो आणि किंचित ताणूही देतो. कागदाच्या तंतूंची दिशा ल्यूरच्या लांबीला समांतर ठेवावी, कारण त्या अक्षाभोवती कागद सहज वळतो. दिशा ओळखण्यासाठी तुकडा ओला करून सोडावा. तो ज्या अक्षाभोवती सुरळी होतो, ती तंतूंची दिशा. टिश्यू पेपर अंगावर सर्वांत सुरेख बसतो, पण तो झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात घालण्याचा आग्रह धरू नये. फ्यूजरच्या (टोनर वितळवणाऱ्या तापलेल्या रोलरच्या) उष्णतेत तो अडकला, तर यंत्र बिघडते आणि ओळखही. तो घरच्या इंकजेटमध्ये, कॉपी पेपरला पुढच्या कडेने चिकटवूनच घालावा.

फोटो काळपट का येतो, याचे कारण पुष्कळांना छापून झाल्यावर कळते. साधे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत; चित्रातले पांढरे म्हणजे कागदाचे पांढरे. एपॉक्सी आणि कागदाचा तंतू यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, दीडच्या आसपास असतो, त्यामुळे तंतूंमधल्या हवेची जागा एपॉक्सीने घेतली की पातळ कागद जवळजवळ अदृश्य होतो आणि खाली जे असेल ते दिसते. खाली कोरे लाकूड असेल, तर बोय मातकट दिसणारच. म्हणून टिश्यूखाली पांढऱ्या रंगाचे दोन हात किंवा चंदेरी बेस अनिवार्य आहे. माशाच्या खवल्यांची चमक त्यांतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते, ती कोणत्याही शाईत नसते. फॉइलवर टिश्यू चिकटवला, तर तिची बरीच जवळची नक्कल होते. एसी दुरुस्त करणारे वापरतात ती अॅल्युमिनियमची चिकटपट्टी चांगली, मात्र तिच्यावरचा तेलकटपणा स्पिरिटने पुसून ती बारीक पॉलिशपेपरने किंचित घासावी, नाहीतर गोंद धरत नाही. ही चांदीची कल्पना जुनी आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचातून कोरलेल्या ल्यूरवर चॉकलेटची चांदी लावली आणि वर वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा थर दिला, असे त्यांच्या नावाच्या कंपनीच्या इतिहासात नोंदले आहे. म्हणजे ल्यूर आणि फोटो यांचे नाते चित्र चिकटवण्याच्याही आधीचे आहे.

मूळ फोटो काढताना फ्लॅश वापरू नये. फ्लॅशचा पांढरा झोत चित्रात कायमचा बसतो आणि ल्यूर कुठेही फिरवले तरी तो डाग तिथेच राहतो. ताजा मासा सावलीत, बाजूने काढावा.

गोंद आणि पारदर्शक थर

कडा नीट बसलेल्या आहेत, गळती नाही, तरी फुगवटा आला, तर गोंदातले पाणी कोंडले गेल्याची शक्यता आहे. पीव्हीए गोंद पाणी उडून वाळतो. वर कागद, खाली सीलर दिलेले लाकूड, अशा स्थितीत पाण्याला फक्त कागदातून वाट असते. पावसाळी हवेत त्याला दोनतीन दिवस लागू शकतात. हात लावून कोरडे वाटणे हा पुरावा नव्हे. इथेही काटाच खरे सांगतो: वजन उतरायचे थांबले, की मगच एपॉक्सी द्यावे. यूव्ही दिव्याखाली जमणारे रेझिन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गडद शाईतून यूव्ही किरण खाली पोचत नाहीत, म्हणून कागदात मुरलेले रेझिन कच्चेच राहते. वर काचेसारखे कठीण आणि पाठीच्या काळ्या पट्ट्याखाली मऊ, असे ल्यूर नखाने दाबले की कळते. असे रेझिन वापरायचेच असेल, तर कागद आधी दुसऱ्या सीलरने बंद करून ते फक्त वरच्या थराला ठेवावे.

थर चिकट राहिला असेल, तर मोजमाप तपासावे. उत्पादकाने दिलेले प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, इथे गफलत होते. उदाहरणार्थ, एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या एपॉक्सीचे प्रमाण आकारमानाने १:१ आहे, पण वजनाने १००:८०. काट्यावर समान वजन घेतले, तर हार्डनर जास्त पडतो. ‘लवकर जमावे म्हणून हार्डनर थोडा जास्त’ हा समजही इथे उपयोगाचा नाही, कारण जादा हार्डनरला जोडीदार रेणू मिळत नाहीत आणि तो मोकळाच राहतो. चिकट थर ब्लेडने खरवडून, स्पिरिटने पुसून नव्याने द्यावा. एपॉक्सी संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्यावे. सकाळी दिल्यास दिवस तापत जातो, लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि जमत आलेल्या थरात बारीक भोके ठेवून जाते. हीच भोके पुढे पाण्याची दारे होतात.

थर खाली ओघळून पोटाशी जाड आणि पाठीवर पातळ राहिला, तर फोटो पाठीकडून जातो. ल्यूर जमेपर्यंत फिरते ठेवण्यासाठी मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर अनेक जण वापरतात. ती मिनिटाला पाचसहा फेरे घेते आणि तेवढा वेग पुरे होतो. मात्र त्यातल्या बऱ्याच मोटरी थेट २३० व्होल्टवर चालतात. उघडी वायर, ओला हात आणि टेबलावर सांडलेले पाणी यांचा विचार करून ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

बेस आणि लाकूड

वरचे सगळे ठीक असूनही फोटो पापुद्र्यासारखा सबंध सुटत असेल, तर खाली उतरावे लागते, आणि हे काम ल्यूर अर्धे मोडल्याशिवाय होत नाही. सुटलेल्या जागी फोटो सोलून बेसवर धारदार ब्लेडने बारीक चौकडी कापावी, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीबरोबर आले आणि त्यांच्या पाठीला लाकूड दिसले, तर बेस लाकडाला धरलेला नाही. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे सागाचे उरलेले तुकडे फुकट मिळत असले, तरी त्यावर रंग आणि गोंद यांची पकड कच्ची राहते. घासल्यानंतर लगेच अॅसिटोनने पुसून ताबडतोब सीलर देणे एवढाच मार्ग आहे. सावर किंवा पांगाऱ्यासारखे हलके लाकूड पकड चांगली देते, पण पाणीही तितक्याच आवडीने पिते, म्हणून त्याला पातळ केलेल्या सीलरचे दोनतीन हात मुरवावे लागतात.

सर्वांत खालचा दोष लाकडातल्या ओलाव्याचा. ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून राहते, ९० टक्क्यांत २० च्या आसपास, आणि ५० टक्क्यांत ९ च्या जवळपास. जुलैत रत्नागिरीत कोरलेले अंग लगेच बंद केले आणि ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत गेले, तर लाकूड हळूहळू आकसते. हे आकसणे लांबीच्या दिशेला नगण्य आणि आडव्या दिशेला बरेच असते, म्हणून चीर नेहमी डोक्याकडून शेपटीकडे जाते आणि तिच्यावरचा फोटोही सरळ रेषेत फाटतो. अशी लांब चीर दिसली, की गोंद भरण्यात वेळ घालवू नये. फोटो, बेस, सीलर सगळे उतरवून लाकूड वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि नव्याने सुरुवात करावी, किंवा लिप आणि कड्या काढून घेऊन अंग टाकून द्यावे.

कधी थांबावे

कडीभोवतीचे लाकूड बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर ते ल्यूर जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी पुन्हा वापरू नये. फोटो कितीही चांगला असला, तरी पहिल्या मोठ्या झटक्यात कडी निघून येते आणि मासा गऱ्या तोंडात घेऊन जातो. अशा अंगाला दुरुस्ती नाही.

गाड्यांना मारतात ते दोन भागांचे पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर ल्यूरवर अप्रतिम बसते आणि उन्हात एपॉक्सीइतके पिवळे पडत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला, तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही. घरात, गॅलरीत किंवा पडवीत तो फवारा मारू नये. रंगकामाची स्वतंत्र बंद खोली आणि हवा पुरवणारा मास्क असलेल्या गाड्यांच्या पेंटरकडे फोटो लावून सील केलेले ल्यूर तारेला टांगून द्यावेत. गाडीच्या कामाबरोबर तेही त्याच हातात होऊन जातात. देताना फोटो लेझरचा आहे की इंकजेटचा हे त्याला सांगावे आणि पहिला फवारा कोरडा, हलका मारायला सांगावे.

एपॉक्सी हाताळताना बोटांच्या बेचक्यात, मनगटावर किंवा पापण्यांवर खाज आणि पुरळ येऊ लागले, तर काम त्याच दिवशी बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ही अॅलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळते, आणि हात थिनरने धुण्याची सवय तिला आणखी वाढवते. डॉक्टरांकडे जाताना रेझिन आणि हार्डनर यांच्या डब्यांवरील लेबलांचे फोटो सोबत न्यावेत.